पाण्याचा ठाव घेणारा कान
(समाजाच्या वार्षिक संमेलनात सांडोर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मागील वार्षिक सभेत आपल्या तरुण मंडळींनी एक मागणी पुढे मांडली होती, तिचे आपणांस स्मरण असेलच. समाजातील हौशी मंडळींच्या तीन होड्यांवर पाण्याखालील मासे व तळ दाखविणारी यंत्रे बसवावीत आणि त्याचा खर्च सामायिक निधीतून करावा, अशी ती मागणी होती. सभेत तिच्या बाजूने बोलणारे होते, तसे विरोधी बोलणारेही होते. विरोधकांचा मुद्दा असा की, ज्या निधीतून मुलामुलींच्या पुस्तकांची व शुल्काची सोय होते, त्यास रविवारच्या गळटाकणीसाठी हात लावणे कितपत योग्य? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शेवटी या गोष्टीची चौकशी करून निवेदन करण्याचे काम मंडळाने आम्हां तिघांवर सोपविले. त्या चौकशीचा वृत्तांत आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आपला समाज वाडीचा, खाडीचा नव्हे. सांडोरची ओळख विहिरी, केळी, फुले आणि भाजीपाला यांनी झालेली आहे. समुद्र आपल्या शेजारी आहे, पण पोटापाण्यासाठी तो आपण कधी कसला नाही. ते काम पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळी बांधवांचे. यास्तव आम्ही चौकशीस आरंभ केला तो दुकानांपासून न करता बंदरावरून केला. वयस्क तांडेलांशी बोललो, फायबरच्या होड्या बांधणाऱ्या कारागिरांशी बोललो आणि त्यानंतर मुंबईत दुकाने पाहिली. एका दुकानदाराने आम्हांस मोठ्या रंगीत पडद्याचे, दोन्ही बाजूंना दूरवर पाहणारे, अतिशय महाग यंत्र तासभर दाखविले. मात्र आमची होडी लाकडाची की फायबरची, ती ओहोटीस कोठे उभी असते, आणि आम्ही किती वाव पाण्यात जातो, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. वस्तुतः सगळी निवड या तीन प्रश्नांवरच अवलंबून आहे, अशी आमची खात्री झाली आहे.

आता हे यंत्र काम कसे करते, ते थोडक्यात सांगतो. यंत्राचे दोन भाग असतात. एक पडदा, तो आपणांस दिसतो आणि म्हणून त्याचीच चर्चा होते. दुसरा भाग पाण्यात बुडालेला असतो, त्यास ट्रान्सड्यूसर म्हणतात. त्याच्या पोटात शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या भाजलेल्या मिश्रणाची एक चकती असते. तिला विजेचा झटका दिला की ती थरथरते व पाण्यात ध्वनी सोडते. उलट, परत आलेला ध्वनी तिच्यावर आदळला की ती किंचित वीज निर्माण करते. म्हणजे तीच बोलते आणि तीच ऐकते. काही पदार्थांचा हा गुण झाक व पिएर क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्याच्या निकडीतून लांजव्हँ या शास्त्रज्ञाने त्याचा पाण्यात उपयोग करून पाहिला. मासे शोधण्याचे व्यवहारोपयोगी यंत्र म्हणून त्यास बाजारात आणले ते जपानातील फुरुनो बंधूंनी, १९४८ साली. युद्धासाठी सुचलेली विद्या तीस-पस्तीस वर्षांत कोळ्याच्या होडीत येऊन बसली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. आपले कोळी बांधव पाणी वावांनी मोजतात. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. दहा वाव पाण्यात ध्वनीला खाली जाऊन परत येण्यास एका सेकंदाचा चाळिसावा भागही लागत नाही. तेवढ्या अवधीचे यंत्र मापन करते आणि खोली सांगते. पूर्वी हेच काम शिशाचा गोळा दोरीला बांधून होत असे, आणि जुने तांडेल गोळ्याच्या बुडास चरबी लावून तळाची वाळू की चिखल तेही पाहत असत. यंत्राने दोरीचे काम सोपे केले, इतकेच.

ट्रान्सड्यूसर निवडताना पहिला विचार ध्वनीच्या आंदोलनसंख्येचा. मनुष्याच्या कानास सेकंदाला वीस हजार आंदोलनांपलीकडचे ऐकू येत नाही. ही यंत्रे पन्नास हजार, दोन लक्ष अथवा त्याहूनही अधिक आंदोलनांचा ध्वनी सोडतात. दुकानात त्यास ५० किलोहर्ट्झ, २०० किलोहर्ट्झ असे म्हणतात. संख्या लहान असेल तर ध्वनी खोलवर जातो, पण जाडाभरडा असतो. संख्या मोठी असेल तर तो बारीक तपशील दाखवितो, पण लवकर विरून जातो. ५० किलोहर्ट्झच्या एका लहरीची लांबी पाण्यात तीन सेंटिमीटर असते, तर २०० किलोहर्ट्झची साडेसात मिलिमीटर. शेकडो मीटर खोल समुद्रात जाणाऱ्यांना पहिली उपयोगी. आमच्या तिन्ही होड्यांचा पल्ला पाहता त्यांना वीस वावांहून खोल पाणी कधी भेटत नाही, आणि खाडीत तर त्याच्या निम्मेही नाही. एवढ्या पाण्यासाठी २०० किलोहर्ट्झ पुरून उरते.

याला जोडूनच दुसरी गोष्ट येते. ट्रान्सड्यूसरमधून निघालेला ध्वनी सरळ रेषेत न जाता शंकूसारखा पसरत जातो. २०० किलोहर्ट्झच्या सामान्य ट्रान्सड्यूसरचा शंकू सुमारे बारा अंशांचा असतो. ५० किलोहर्ट्झच्या शंकूची रुंदी चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत जाते. दहा मीटर पाण्यात बारा अंशांचा शंकू तळावर सुमारे दोन मीटर व्यासाचे वर्तुळ पाहतो. पंचेचाळीस अंशांचा शंकू आठ मीटरांहून अधिक. तरुणांना वाटते की अधिक रुंद तेवढे चांगले, अधिक मासे दिसतील. मोकळ्या समुद्रात ते काही अंशी खरे आहे. पण वसईच्या खाडीचा विचार करा. येथे चर अरुंद, काठ उतरते, आणि वर्षानुवर्षांच्या रेतीउपशामुळे तळ कोठे एकसारखा नाही. यंत्र खोली म्हणून जो आकडा दाखविते, तो शंकूत सापडलेल्या सर्वांत जवळच्या तळाचा असतो. होडीच्या बरोबर खाली काय आहे, त्याचा तो असेलच असे नाही. रुंद शंकू चराच्या काठालाच तळ समजतो आणि चरातील खोल पाणी, ज्यात जिताडा व शिंगाळा दबून बसतात, ते त्याच्या दृष्टीतून निसटते. खाडीसाठी अरुंद शंकूच योग्य, हे आम्ही निःशंकपणे सांगतो.

आता चिखलाविषयी. या विषयाने आमची बरीच करमणूक केली आणि ज्ञानातही भर घातली. आपल्या किनाऱ्याचा तळ बहुतांशी मऊ गाळाचा आहे. वर पातळ, जवळजवळ पेजेसारखा गाळ, आणि खाली घट्ट चिखल. उच्च आंदोलनांचा ध्वनी पातळ गाळाच्या पृष्ठभागावरूनच परततो. निम्न आंदोलनांचा ध्वनी त्यातून शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. त्यामुळे दोन आंदोलनसंख्यांचे यंत्र एकाच ठिकाणी दोन निरनिराळ्या खोल्या दाखविते. बंदरांतील गाळ मोजणारे तज्ज्ञ याच गोष्टीचा उपयोग करून घेतात. हौशी माणूस मात्र गोंधळतो व यंत्र बिघडले म्हणून दुकानाकडे धाव घेतो. दोन्ही आकडे खरे आहेत. होडीचा तळ कशाला टेकेल, हे वरचा आकडा सांगतो. नांगर कोठे धरेल, हे खालचा. तेव्हा दोन आंदोलनसंख्यांचा ट्रान्सड्यूसर घेणे अगदीच निरुपयोगी आहे असे नाही; पण तो खोल पाण्याच्या आशेने घेऊ नये.

हल्ली ‘चर्प’ नावाचा प्रकार फार बोलला जातो. त्यात एकच स्वर न सोडता खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत सरकत जाणारा ध्वनी सोडतात, जणू गवयाने घेतलेली मींड. जुन्या प्रकारात ध्वनीचा ठोका एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा असला, तरी साडेसात सेंटिमीटरांहून जवळ असलेले दोन मासे पडद्यावर एकच दिसतात. चर्प प्रकारात तेच अंतर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरांपर्यंत खाली येऊ शकते. तळाला चिकटून राहणारा मासा तळापासून वेगळा ओळखण्यास हे उपकारक आहे, आणि किंमतही पूर्वीइतकी भारी राहिलेली नाही. येथे आम्ही तरुणांच्या बाजूने कौल देतो. बाजूला पाहणारे, ४५५ अथवा ८०० किलोहर्ट्झचे यंत्र मात्र आम्हांस पटले नाही. स्वच्छ, शांत तलावात ते छायाचित्रासारखे चित्र काढते हे खरे. परंतु एवढ्या उच्च आंदोलनांचा ध्वनी लवकर विरतो, गढूळ पाणी त्याची भर घालते, आणि लाटांवर होडी डोलू लागली की चित्र वेडेवाकडे होते. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत पाणी चहाच्या रंगाचे असते, हे आपणांस सांगावयास नकोच.

बंधूंनो, आता ज्या गोष्टीसाठी ही सारी खटपट, त्या माशांकडे वळू. यंत्राला मासा दिसतो म्हणजे काय दिसते? माशाचे मांस बहुतांशी पाण्यासारखेच असल्याने ध्वनी त्यातून बराचसा आरपार जातो. परावर्तन होते ते मुख्यतः माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून, जिला शास्त्रात वाताशय म्हणतात. ज्या माशांस ती असते, त्यांच्या प्रतिध्वनीचा नव्वद टक्के वा अधिक भाग त्या पिशवीचाच असतो. घोळ, ढोमा यांच्या जातीला ही पिशवी चांगली मोठी असते. तिच्याच आधाराने हे मासे घुमल्यासारखा आवाज काढतात. घोळीच्या पिशवीला परदेशांत केवढा भाव आहे, ते आपल्या जिल्ह्याने २०२१ च्या ऑगस्टमध्ये पाहिले. पालघरजवळच्या मुरबे येथील एका बोटीला १५७ घोळी मिळाल्या आणि त्यांचे सव्वा कोटींहून अधिक रुपये आले. आपल्या तरुणांच्या उत्साहाचे मूळ याच वार्तेत आहे, असा आम्हांस दाट संशय आहे!

पण ज्या बोंबलावर या किनाऱ्याचे घर चालते, त्या बोंबलाला वाताशयच नसते. सुरमईलाही नसते, मुशीलाही नसते. असे मासे यंत्राला अगदी फिके दिसतात, किंवा दिसतच नाहीत. पाचूबंदरच्या एका वृद्ध तांडेलास आम्ही विचारले, “काका, तुम्ही हे यंत्र का लावीत नाही?” तो म्हणाला, “आमची डोल खुंटाला बांधलेली. पाणी वाहते, मासा आपण होऊन आत येतो. आम्ही त्याच्या मागे कशाला धावू? आम्हांला पाण्याची वेळ कळली म्हणजे झाले.” डोलीसारख्या स्थिर जाळ्याला शोधयंत्राची गरज नाही, ही गोष्ट इतक्या थोडक्या शब्दांत आम्हांस कोणत्याही माहितीपत्रकात सापडली नाही. गळाने मासेमारी करणाऱ्याची स्थिती वेगळी. त्याला खडक, चर, बुडालेला ओंडका, अशी मासा थांबण्याची जागा शोधावी लागते. म्हणून हौशी होडीवर हे यंत्र प्रामुख्याने तळ पाहण्यासाठी आहे. मासे हा त्यावरील वरकड लाभ समजावा. पडद्यावर कमानीसारखी आकृती उमटली की मोठा मासा, असेही समजू नये. मासा शंकूच्या कडेला असताना दूर, मध्ये येता जवळ, आणि पुन्हा दूर, यामुळे ती कमान होते. होडी थांबलेली असेल व मासाही थांबलेला असेल, तर कमान न दिसता लांबच लांब रेघ दिसते.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ट्रान्सड्यूसर होडीला लावावयाचा कोठे आणि कसा? पैसा वाया जातो तो बहुधा येथे. लावण्याचे प्रकार तीन. होडीच्या बुडाला भोक पाडून, मागच्या सपाट फळ्याला पट्टी लावून, अथवा फायबरच्या बुडाच्या आतल्या बाजूस चिकटवून. पहिला प्रकार मोठ्या बोटींवर उत्तम चालतो, कारण तेथे पाणी अखंड व शांतपणे त्याच्याखालून वाहते. त्यातही धातूचा विचार करावा लागतो. लाकडी बुडात प्लास्टिकचा ट्रान्सड्यूसर कधीही बसवू नये. लाकूड पाण्याने फुगते आणि प्लास्टिक आवळून तडकते. तेथे कांसेच लागते. तेच कांसे अॅल्युमिनियमच्या अथवा पोलादी बुडात बसविले, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंमध्ये विजेचा प्रवाह सुरू होऊन बूड खाल्ले जाते.

परंतु आमच्या तीन होड्यांना हा प्रकार मुळीच लागू नाही, आणि त्याचे कारण ओहोटी आहे. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो. खाडीकाठी बांधलेल्या होड्या ओहोटीस चिखलात बसतात. ज्या होडीचे बूड दिवसातून दोनदा चिखलावर टेकते, तिच्या बुडातून बाहेर आलेला ट्रान्सड्यूसर किती दिवस टिकेल? एक तर तो मोडेल, नाही तर गाळाने लिंपला जाईल, आणि मोडताना भोकाभोवतीची फळी घेऊन जाईल. आपल्यातील एका कुटुंबाची सागवानी होडी दोन पिढ्या चाललेली आहे. तिच्या पठाणाजवळ भोक पाडण्याचा विचार त्या घरच्या मुलांनी केला होता. त्यांच्या वडिलांनी तो हाणून पाडला, आणि त्यांनी योग्यच केले असे आमचे मत आहे. लाकडाच्या आतून ध्वनी पाठविण्याची युक्तीही चालत नाही, कारण लाकडात सूक्ष्म हवा भरलेली असते. त्या होडीसाठी आम्ही असे सुचवितो की, एक मजबूत नळी काठाला बिजागरीने बसवावी व तिच्या खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर लावावा. गळ टाकतेवेळी नळी खाली सोडावी, चालताना वर घ्यावी. दिसावयास हे ओबडधोबड आहे. पण होडी शाबूत राहते, खर्च थोडा, आणि दुरुस्तीसाठी पाण्यात उतरावे लागत नाही.

दोन्ही फायबरच्या होड्यांपैकी जिचा तळ एकसंध फायबरचा आहे, तिच्यात ट्रान्सड्यूसर आतून बसविता येईल. त्याने भोक पडत नाही, चिखल लागत नाही. मात्र फायबरच्या दोन थरांमध्ये फेस अथवा लाकूड भरलेले असेल तर हा उपाय व्यर्थ आहे. तेव्हा बांधणाऱ्या कारागिरास विचारल्यावाचून हात घालू नये. तसेच फायबरमधून जाताना व येताना ध्वनीचा काही अंश खर्च होतो, आणि पाण्याचे तापमान आतून मोजता येत नाही. चिकटविण्यापूर्वी परीक्षा करण्याची रीत सोपी आहे. तळाच्या आत थोडे पाणी घालून त्यात ट्रान्सड्यूसर धरावा, होडी चालवून पाहावी, आणि जेथे तळाची रेघ तुटत नाही तेथे खूण करावी. दुसऱ्या होडीच्या तळाविषयी कारागीर खात्री देऊ शकला नाही. तिला मागच्या फळ्यावर, काहीही लागल्यास वर उचलली जाणारी पट्टी लावून बसवावा.

मागच्या फळ्यावर बसविताना मोठा शत्रू म्हणजे बुडबुडे. हवा ध्वनीला अडविते. मासा दिसतो तो हवेमुळे, आणि यंत्र आंधळे होते तेही हवेमुळेच! इंजिनाच्या पंख्यापासून सव्वा-दीड फूट तरी दूर असावे. पंखा मागून पाहता उजवीकडे फिरणारा असेल, तर उजव्या बाजूस त्याची पाती वरून खाली उतरतात व तेथे फेस कमी असतो. म्हणून ती बाजू निवडावी. बुडावरील पट्ट्या, खिळे, पाणी शोषण्याची भोके यांच्या मागे तो कधी लावू नये. तारही इंजिनाच्या तारांबरोबर बांधू नये, आणि लांब वाटली म्हणून कापू नये. उरलेली गुंडाळून ठेवावी.

दुकानदाराच्या एका आकड्याविषयी सावध करणे आमचे कर्तव्य आहे. एका खोक्यावर ४००० वॅट असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले, दुसऱ्यावर ५०० वॅट. आमच्यातील एकाने पहिले उचललेसुद्धा. वास्तविक दोन्हींची शक्ती एकच. पहिला आकडा लाटेच्या शेंड्यापासून दुसऱ्या शेंड्यापर्यंतचा, दुसरा सरासरी मापाचा, आणि त्यांच्यात आठाचा गुणक असतो. आपल्या पाण्याला तीनशे ते पाचशे सरासरी वॅट भरपूर झाले.

ज्या बंधूंनी मुलांच्या सुरक्षिततेसाठी या खर्चास संमती दिली, त्यांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे यंत्र खाली पाहते, पुढे पाहत नाही. पडद्याच्या उजव्या कडेची उभी रेघ तेवढी आताची. बाकी सारे चित्र मागे पडलेल्या पाण्याचे. ताशी दहा सागरी मैलांनी जाणारी होडी सेकंदाला पाच मीटर सरकते. खाडीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा पडद्यावर दिसेपर्यंत होडी त्याच्यावर चढलेली असेल. भरतीचे वेळापत्रक, डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचा नकाशा आणि अनुभवी माणसाची सोबत, यांपैकी एकाचीही जागा यंत्र घेऊ शकत नाही. अंधार पडल्यावर खाडीचे मुख ओलांडावयाचे नाही, ही अट आम्ही साहाय्याशी जोडली आहे. तरुणांना ती जाचक वाटली. ती मागे घेण्यास आम्ही तयार नाही.

तशीच दुसरी अट शेजाऱ्यांविषयीची. डोलीचे खुंट व दोर पाण्याखाली असतात. यंत्रात त्यांच्याभोवती मासे दिसतात, आणि हौशी माणसाला तेथेच गळ टाकण्याचा मोह होतो. तो खुंट आपला नव्हे, त्यापुढचे पाणीही आपले नव्हे. एका जाळ्याचे नुकसान म्हणजे एका घराच्या चुलीवरचा घाला. यंत्रांच्या अतिरेकाने किनाऱ्यावर आधीच कटुता आहे. २०१६ साली राज्य शासनास पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले, आणि २०१७ साली केंद्राने प्रखर दिव्यांच्या साह्याने मासे पकडण्यास बंदी केली. आपले लहानसे यंत्र त्या पंक्तीतील नाही. तरीही खुंटांपासून दूर राहावे, आणि १ जूनपासूनच्या ६१ दिवसांच्या बंदीत होड्या बाहेर काढू नयेत. पावसाळ्यात समुद्र आपल्यासाठी नाहीच.

आता निधीचा प्रश्न. तीन मोठी यंत्रे घेण्याची मूळ सूचना आम्ही नामंजूर करीत आहोत. मध्यम पडद्याची तीन यंत्रे, २०० किलोहर्ट्झच्या आसपास चर्प करणारे व अरुंद शंकूचे तीन ट्रान्सड्यूसर, आणि बसविण्याचे सामान, एवढाच आमचा प्रस्ताव. बाजूला पाहणाऱ्या यंत्राची हौस ज्यांस असेल, त्यांनी ती स्वतःच्या खिशातून भागवावी. खर्चाचा अर्धा भाग होडीवाल्यांनी द्यावा व उरलेला निधीने, तोही परतफेडीच्या बोलीवर तीन हप्त्यांत. शालेय साहाय्याची रक्कम तीळभरही कमी होणार नाही, याचा हिशेब खजिनदारांनी तपासून पाहिला आहे. विरोध करणाऱ्या बंधूंनी तो अवश्य पाहावा.

निगेविषयी दोन शब्द सांगून संपवितो. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शेवाळ व कवचे चढली की यंत्र मंदावते. ती सुरीने खरवडू नयेत. मऊ फडक्याने व साबणाच्या पाण्याने धुवावे. रंग लावावयाचा तर पाण्यात मिसळणारा शेवाळरोधक रंग, पातळ हाताने. तेलकट द्रावणाचे रंग प्लास्टिकला खातात. होडी कोरड्यावर असताना यंत्र चालू ठेवू नये. पहिली परीक्षा भांगाच्या दिवशी, पाण्याला ओढ कमी असताना घ्यावी, आणि यंत्राचा आकडा शिशाच्या दोरीने ताडून पाहावा. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठभागाखाली जितका खोल असेल, तेवढे अंतर आकड्यात मिळवावे लागते; यंत्रात तशी सोय असते, ती त्याच दिवशी करून टाकावी. शिशाची दोरी त्यानंतरही प्रत्येक होडीत राहील. ती नवी करावयाची झाल्यास दोरी आधी समुद्राच्या पाण्यात रात्रभर भिजवून, ताणून घ्यावी आणि मगच तिच्यावर वावाच्या गाठी माराव्यात, कारण कोरडी दोरी भिजली की आखडते व पाणी आहे त्याहून खोल सांगते.